कांदेवाडी ते केळेवाडी

३ मे १९१३, शनिवार. गिरगावात सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमाच्या दाराशी तुम्ही गर्दीत चेंगरून उभे आहात. उकाडा मी म्हणतोय. कसेबसे आत शिरता, बाकावर जागा धरता, दिवे जातात आणि पडद्यावर धुंडिराज गोविंद फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हलू लागतो. राजा, विश्वामित्र, यज्ञ, सगळं मुकं. शेजारचे गृहस्थ तारामती दिसताच हात जोडतात. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की ती तारामती म्हणजे साळुंके नावाचा तरुण आहे, खानावळीत काम करताना फाळक्यांच्या नजरेस पडलेला. बाईचं काम बाईने करावं म्हणून फाळके कलावंतिणींच्या वस्तीपर्यंत जाऊन आले होते. सिनेमाचं नाव काढताच तिथूनही नकार आला.

खेळ सुटल्यावर कांदेवाडीकडे चला. लांब नाही. तिथे लाडांच्या घरात माणसांचा राबता आहे. मूळ गोव्याचं कुटुंब, त्यामुळे दारातूनच कोकणी कानावर येते. आजी, काकू, आत्या, भावंडं, पाहुणे. त्या घोळक्यात आठ वर्षांची एक मुलगी आहे. पुढे ती कॅथीड्रल शाळेत जाईल, सेंट झेवियर्स कॉलेजात जाईल, लग्न होऊन खोट्यांच्या घरी जाईल. तारामतीच्या जागेवर साळुंक्यांनंतर १९ वर्षांनी तीच उभी राहणार आहे, आणि तेव्हा तारामती बोलणार आहे, गाणार आहे. आत्ता त्या घरात कुणाला हे सांगू नका. कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलाच तर मुलीला आतल्या खोलीत नेऊन बसवतील.

मधली वर्षं भरभर उलटा. १९३१. दुर्गा खोटे सव्वीस वर्षांच्या आहेत. बकुळ आणि हरीन हे दोन मुलगे, खोट्यांच्या घरचं वैभव ओसरलेलं, आणि महिन्याचा खर्च समोर उभा. मोहन भवनानींना 'फरेबी जाल'मध्ये लहानशा कामासाठी शिकलेली, चांगल्या घरची मुलगी हवी आहे. विचारणा आधी बहिणीकडे झाली होती, तिथून ती दुर्गाबाईंकडे वळली. त्या हो म्हणतात. पैशांसाठी हो म्हणतात. हे मी मुद्दाम ठासून लिहितोय, कारण आपल्याकडे नटीच्या आयुष्याची गोष्ट सांगताना पैशाचा भाग झाकून ठेवायची आणि कलेची ओढ पुढे करायची रीत आहे. दुर्गाबाईंनी स्वतः कधी तो झाकला नाही.

तुम्ही थिएटरात मागच्या रांगेत बसून 'फरेबी जाल' पाहता. त्यांचं काम थोडंसंच आहे, पण चित्रपट इतका सामान्य की उठून जावंसं वाटतं. खुर्च्यांमधून कुजबुज सुरू होते: लाडांची मुलगी, खोट्यांची सून, तीच ना ही? दुसऱ्या दिवशी ती कुजबुज अख्ख्या गिरगावात असते. दोन्ही घरांची नावं मोठी, त्यामुळे बोलही मोठे लागतात. या बाईंचा सिनेमाशी संबंध इथेच संपायला हरकत नव्हती. पण त्याच पडद्यावर व्ही. शांतारामांना त्या दिसतात.

आता कोल्हापूर. प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात हरकाम्या होऊन शिरा; त्या वेशात कुठेही फिरता येतं. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी १९२९ मध्ये उभी केलेली ही कंपनी आता पहिला बोलपट करते आहे, 'अयोध्येचा राजा'. ध्वनी दामल्यांकडे, नेपथ्य फत्तेलालांकडे, कॅमेरा धायबरांकडे. आवारात पाऊल टाकलं की पहिली शिस्त कळते: चूप! मायक्रोफोन हा नवा पाहुणा आहे आणि त्याला नको ते गाळता येत नाही. कावळा ओरडला तरी तो टिपतो, कुणाच्या वहाणा वाजल्या तरी टिपतो. तुम्हाला अनवाणी चालायला सांगतात.

हरिश्चंद्र आहेत गोविंदराव टेंबे. वय पन्नास, गंधर्व नाटक मंडळीत गाजलेलं नाव, पेटीवर बोटं ठेवली की माणसं ऐकत उभी राहतात; या चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. मास्टर विनायक नारद झालेत, बाबूराव पेंढारकर गंगानाथ. आणि त्यांच्यासमोर झेवियर्समधून आलेली, इंग्रजी शाळेत वाढलेली, रंगभूमीचा कसलाही संस्कार नसलेली तारामती. पौराणिक मराठीची लांब, जड वाक्यं तोंडात बसवायची आहेत. तुम्ही त्यांना पाणी नेऊन देता तेव्हा त्या कोपऱ्यात उभ्या राहून तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत असतात. मान वर होत नाही, पाणी तसंच राहतं.

गाणं आलं की आवारात धावपळ. पार्श्वगायन अजून जन्माला यायचं आहे. कलकत्त्यात त्याची सुरुवात व्हायला १९३५ उजाडेल. तोवर जो दिसतो त्यानेच गायचं, कॅमेऱ्यासमोर, त्याच क्षणी. पेटी आणि तबला पडद्याआड बसवतात, असे की चौकटीत दिसू नयेत आणि गाणारीला सूर तर मिळावा. सूर चुकला, शब्द अडखळला, बाहेर बैलगाडी गेली, की पुन्हा पहिल्यापासून. चित्रपट दोन भाषांत होतो आहे, म्हणजे सगळं दोनदा. स्मशानातल्या प्रसंगाला नीट लक्ष द्या. मेलेल्या रोहिदासाला मांडीवर घेऊन तारामती बसली आहे, आणि डोंबाची चाकरी करणारा तिचाच नवरा दहनाचा कर मागतो आहे. एका भाषेत शोक झाला की घोटभर पाणी, तोंडावर पुन्हा रंग, आणि त्याच जागी बसून दुसऱ्या भाषेत तोच शोक. दिव्यांचा जाळ अंगावर, हात कापताहेत. त्या दोन शोकांच्या मधल्या चार-पाच मिनिटांत दुर्गाबाईंकडे बघा. बाजूला झालेल्या, डोळे मिटलेल्या, ओठ हलताहेत: पुढची वाक्यं. माझ्या मते नटी तिथे घडली. घराण्याचं नाव, शिक्षण, रूप हे सगळं त्या आवाराच्या दाराबाहेर राहिलं आणि आत उरलं ते काम.

फेब्रुवारी १९३२ मध्ये चित्रपट लागतो आणि गिरगावातले तेच आवाज कौतुकाने बोलू लागतात. त्यांना फार मनावर घेऊ नका, दुर्गाबाईंनीही घेतलं नाही. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी होतात, पायाशी खराखुरा चित्ता घेऊन. तुम्ही सेटवर असाल तर लांब उभे राहा.

तेव्हाचे नट कंपनीचे पगारी नोकर. महिन्याचं वेतन, कंपनी सांगेल ते काम, दुसरीकडे जायला बंदी. दुर्गाबाई त्या चाकोरीत मावल्या नाहीत. काम असेल तिथे जायचं, आपला करार आपण करायचा, असं करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांचं नाव आहे. म्हणून आता त्यांच्यामागे कलकत्त्याची गाडी पकडा. देबकी बोस त्यांना घेऊन 'राजरानी मीरा' करताहेत, मग 'सीता'. राम आहे पेशावरकडचा एक उंच, भारदस्त पंजाबी तरुण, त्यांच्याहून जवळजवळ दोन वर्षांनी लहान: पृथ्वीराज कपूर. 'सीता' १९३४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात जातो. तुम्ही मात्र स्टुडिओच्या व्हरांड्यातच थांबा आणि त्या दोघांना नीट बघून ठेवा. ही जोडी पुन्हा भेटणार आहे.

१९३६, पुणे. प्रभात आता इथे आली आहे. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तीच जागा. 'अमरज्योती'त दुर्गाबाई सौदामिनी आहेत. कायदा आईला मुलाचा ताबा देत नाही म्हणून ही बाई समुद्रावर जाते, चाच्यांची म्होरकी होते आणि सूड घेते. समोर चंद्रमोहन, ज्याच्या डोळ्यांची जरब अंधारातही जाणवावी. दोन मुलांना स्वतःच्या कमाईवर वाढवणारी बाई ती भूमिका करते आहे, हे मनात ठेवून तुम्ही तो प्रसंग पाहता, आणि दरबारात उभी राहिलेली सौदामिनी अभिनय करते आहे असं तुम्हाला क्षणभरही वाटत नाही. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, 'साथी'च्या निमित्ताने त्या निर्मितीत उतरतात. चित्रपट कसा विकला जातो, रीळ कुणाच्या मालकीचं असतं, तोटा कुणाच्या अंगावर येतो हे ज्या काळात भल्याभल्या नटांना विचारावंसंही वाटत नव्हतं, त्या काळात.

आणि मग १९४१. अत्र्यांचा 'पायाची दासी'. सुनेचा छळ करणारी सासू. दुर्गाबाईंचं वय मोजा: ३६. त्या वयाच्या नटाला तेव्हाही नायकाची कामं मिळत होती, आजही मिळतात. बाईच्या वाट्याला मात्र तिशी ओलांडली की पांढरे केस येतात. पुढच्या वर्षी 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. दोन्ही कामं अशी की त्यांना नायिकेपेक्षा जास्त दाद मिळाली. तरी कॅमेऱ्याने त्यांना आईच्या खुर्चीत बसवलं ते बसवलंच. इथून पुढे चाळीस वर्षं हिंदी पडद्याला त्या बहुतेक वेळा कुणाची तरी आई, आजी किंवा मावशी म्हणूनच हव्या असणार आहेत. या अन्यायाबद्दल मला आजही राग येतो. त्या मात्र रागावून बसल्या नाहीत; पडद्याने एक दार लोटलं की बाजूला दुसरा कारखाना उघडायचा, असं त्यांनी आयुष्यभर केलं.

तो कारखाना पाहायला परत गिरगावात या. १९५४. केळेवाडी, मुंबई मराठी साहित्य संघ. कांदेवाडीतून चालत यायचं अंतर. संघाचं बंदिस्त नाट्यगृह व्हायला अजून दहा वर्षं आहेत, रंगमंच उघड्यावर आहे. चर्नी रोडवरून जाणाऱ्या लोकलचा आवाज येतो, आजूबाजूच्या खिडक्यांमधून फुकटे प्रेक्षक डोकावताहेत. तुमच्या हातात प्रत दिली आहे, विंगेत बसून तुम्ही प्रॉम्प्टिंग करणार. नाटक 'राजमुकुट', शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चं वि. वा. शिरवाडकरांनी केलेलं मराठी रूप. दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल. नायक नानासाहेब फाटक, ज्यांचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेत आदळतो. आणि लेडी मॅकबेथच्या भूमिकेत दुर्गाबाई.

पडद्यावर त्यांना जे जे मिळालं ते इथे काढून घेतलेलं आहे. क्लोजअप नाही, रिटेक नाही, संकलकाची कात्री नाही. झोपेत चालत येणाऱ्या राणीचा प्रवेश सुरू होतो. हातावरचं रक्त धुतलं जात नाही म्हणून ती हात चोळते आहे. तुम्ही प्रतीवर बोट ठेवून बसलात, अडल्या तर शब्द पुरवायला. त्या अडत नाहीत. उलट एका ठिकाणी इतका वेळ थांबतात की तुमच्या पोटात गोळा येतो. शब्द द्यावा का? द्यायचा नसतो. तो विराम त्यांचा आहे. समोरचा प्रेक्षक श्वास धरून बसलाय, खिडकीतल्या बायका बोलायच्या थांबल्यात. कोल्हापुरात मायक्रोफोनसाठी पाळलेली शांतता आता त्या स्वतः पाडताहेत. याच संघाच्या 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई झाल्या, पुन्हा नानासाहेबांसमोर. संगीत नाटक अकादमीने १९५८ मध्ये त्यांना पुरस्कार दिला तो रंगभूमीवरच्या अभिनयासाठी, हे त्यांच्या चित्रपटांच्या याद्या पाठ असलेल्यांनाही माहीत नसतं. मला विचाराल तर त्यांचा खरा कस या केळेवाडीतल्या मंचावर लागला, आणि त्याचं चित्रण आपल्यापाशी नाही ही मराठी माणसाची मोठी हानी आहे.

अंधेरी, मोहन स्टुडिओ. के. आसिफ कित्येक वर्षं 'मुघल-ए-आझम' करत बसले आहेत. तुम्ही दिव्यांच्या तारा सांभाळणाऱ्यांत मिसळा. उंच कमानी, जरीचे पडदे, चिलखतांचा खणखणाट. अकबर लढाईला निघाला आहे. समोर शत्रू म्हणून त्याचाच मुलगा सलीम उभा ठाकलाय. जोधाबाईने नवऱ्याच्या हाती तलवार द्यायची. जोधा म्हणजे दुर्गाबाई. अकबर म्हणजे पृथ्वीराज. कलकत्त्याच्या व्हरांड्यातली ती दोघं आठवली? राम आता जाडजूड झाला आहे, आवाजात ढगांचा गडगडाट आहे. सीतेच्या डोळ्यांखाली वयाच्या रेषा आहेत. पाव शतक लोटलंय. प्रसंगात दोघांनी एकमेकांकडे बघायचं असतं आणि जोधेच्या हातातली तलवार कापत असते. त्या नजरेत पटकथेपेक्षा जुनं काहीतरी आहे हे तुम्हाला तारा धरल्या धरल्या कळतं.

नटांची मैत्री कशी असते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. शूटिंग संपलं की माणसं पांगतात, पुढची भेट दहा वर्षांनी आणि भलत्याच नात्यात. कुणी राम असतो तो अकबर होऊन येतो. पण एकमेकांची सुरुवात पाहिलेली माणसं असतात ती. कोण कुठे चाचरत होतं, कुणाचा आवाज कधी फुटला हे त्यांनाच माहीत. ५ ऑगस्ट १९६० ला 'मुघल-ए-आझम' मराठा मंदिरला लागतो. १९७२ मध्ये पृथ्वीराज जातात. १९७३ मध्ये राज कपूरच्या 'बॉबी'त, पृथ्वीराजांचा नातू नायक म्हणून उभा राहतो त्या चित्रपटात, दुर्गाबाई बॉबीच्या आजी आहेत, मिसेस ब्रागांझा. गोव्याच्या कुळातली बाई गोवेकर ख्रिस्ती आजी झाली आहे आणि मित्राच्या तिसऱ्या पिढीला पडद्यावर लाडावते आहे. थिएटरात लोक शिट्ट्या मारताहेत त्या नव्या जोडीसाठी. तुम्ही आजीकडे बघा.

याच वर्षांत एक काम लोकांच्या नजरेआड चालू आहे. फॅक्ट फिल्म्स आणि नंतर दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स: माहितीपट, लघुपट, जाहिराती. संकलनाच्या खोलीत शिरा. ३५ मिलिमीटरची फिल्म, मिनिटाला ९० फूट. मिनिटभराच्या जाहिरातीत ९० फुटांमध्ये गिऱ्हाईकाचा साबण, घर, हसरं मूल आणि नाव हे सगळं बसवायचं. तीन तासांच्या चित्रपटात दोन प्रसंगांसाठी बोलावल्या जाणाऱ्या नटीसाठी हे शिक्षण केवढं वेगळं. इथे त्या कुणाची आई नाहीत. खर्चाचा अंदाज, कच्च्या फिल्मचा हिशेब, लॅबची तारीख, गिऱ्हाइकाची हरकत. असं सहज घडू शकलं असेल की एखाद्या थिएटरात मुख्य चित्रपटाआधी त्यांच्या कंपनीची जाहिरात लागली, तिला कुणी नाव विचारलं नाही, आणि मग त्याच पडद्यावर त्या जोधाबाई होऊन आल्या. १९७१ चा 'आनंद', १९७२ चा 'बावर्ची', १९७३ चा 'अभिमान', १९७४ चा 'बिदाई' (ज्यासाठी फिल्मफेअर मिळालं) हे सगळं पडद्यावर. आणि आड हा कारखाना.

घरातही रंगभूमी आली होती. धाकटा मुलगा हरीन याची पत्नी विजया, म्हणजे पुढच्या विजया मेहता, ज्यांनी १९६० मध्ये 'रंगायन' उभं करून मराठी नाटकाचा चेहरा बदलला. हरीन तरुणपणीच गेला. त्या खोलीत तुम्हाला मी नेणार नाही. तुम्ही बाहेर थांबा, मीही थांबतो.

आता भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडा. अलिबागकडच्या घरी दुर्गाबाई पंचाहत्तरीच्या पुढे पोचून लिहिताहेत. मराठीत. इंग्रजी त्यांना जास्त सोपं गेलं असतं कदाचित, पण तारामतीची भाषा त्यांनी निवडली. मराठी नट्यांच्या आत्मकथांचं शेल्फ आधीच जड आहे: हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका', स्नेहप्रभा प्रधानांचं 'स्नेहांकिता', लीला चिटणिसांचं 'चंदेरी दुनियेत'. त्यात १९८२ मध्ये 'मी दुर्गा खोटे' येतं. शांता गोखल्यांनी ते पुढे इंग्रजीत नेलं. तुम्ही त्यांच्या टेबलापाशी उभे राहून बघा, त्या कशावर रेंगाळतात. कांदेवाडीच्या घरावर. माणसांवर. पैसा आला कसा, गेला कसा, यावर. कोणी हात दिला, कोणी दार बंद केलं, यावर. चित्रपटांची यादी त्या भराभर पार करतात, जशी मीही वर केली, आणि एखाद्या जेवणाच्या पंगतीशी थांबतात. चुका लिहितात तेव्हा शब्द हलका करत नाहीत. पुरस्कार मिळवलेल्या, पद्मश्री झालेल्या बाईने हे असं लिहावं याचं मला फार मोल वाटतं.

१९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना जाहीर होतो. कॉरोनेशनच्या बाकावरचा तो उकाडा अंगावर असलेले तुम्ही एकटेच या सभागृहात आहात. साळुंक्यांच्या तारामतीचा दिग्दर्शक, आणि त्याच्या नावाचं पदक घेणारी तारामती. टाळ्या वाजवा, जोरात.

शेवटचा मुक्काम १९८८. कुठल्याही चाळीतल्या, कुठल्याही फ्लॅटमधल्या टीव्हीसमोर बसा. दूरदर्शनवर आर. के. लक्ष्मण यांच्या माणसांवर बेतलेली, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली नवी मालिका सुरू होते आहे, 'वागळे की दुनिया'. अंजन श्रीवास्तव ऑफिसला निघालेत, भारती आचरेकर डबा देताहेत, अख्खं मध्यमवर्गीय घर खिदळतंय. श्रेयनामावलीकडे कुणाचं लक्ष नाही. तुम्ही मात्र पुढे सरका आणि निर्मितीच्या जागी कोणाचं नाव आहे ते वाचा. दुर्गाबाई ८३ वर्षांच्या आहेत, आणि पुढच्या आठवड्यात नवा भाग आहे.